विश्लेषण : गाडीमागे घर जोडून केपटाऊन ते कैरो… ‘एअरस्ट्रीम’चे जनक वॉली बायम कोण होते? त्यांनी प्रवासाचे मार्ग कसे आखले?

अमेरिकेतील निसर्गरम्य महामार्गांवर उन्हाळ्यात हमखास दिसणारी एक गोष्ट म्हणजे मोटारीमागे जोडलेला, गोलसर कडांचा, आरशासारखा चकाकणारा चंदेरी ट्रेलर. आत झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय. या ट्रेलरचे नाव ‘एअरस्ट्रीम’ आणि तो घडवणारे गृहस्थ वॉली बायम. ते अभियंता नव्हते, जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरत असत. तरीही घर ओढत नेण्याजोगा रस्ता कोणता, तो कसा निवडायचा, ताफा कसा न्यायचा याचे विसाव्या शतकातले सर्वात धाडसी प्रयोग त्यांच्याच नावावर आहेत. त्यातले काही फसलेही.

मेंढपाळाची गाडी आणि ओरेगॉन ट्रेल

वॉलेस मर्ल बायम यांचा जन्म ४ जुलै १८९६ चा, म्हणजे नेमका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा. गाव ओरेगॉन राज्यातील बेकर सिटी. एकोणिसाव्या शतकात ज्या ओरेगॉन ट्रेलने हजारो कुटुंबे ताडपत्रीच्या छताच्या बैलगाड्यांतून पश्चिमेला गेली, ती वाट याच भागातून जाते. रात्री गाड्या गोलाकार उभ्या करायच्या आणि आत माणसे-जनावरे ठेवायची, ही त्या काफिल्यांची पद्धत. पुढे बायम यांच्या ताफ्यांनीही मुक्कामाला हीच रचना वापरली.

पोरवयात बायम यांनी काही काळ मेंढ्या राखल्या. तेव्हा त्यांचे बिऱ्हाड होते गाढवाने ओढायची एक दुचाकी गाडी. तिच्यात रॉकेलचा स्टोव्ह, खाण्याचे सामान, पाणी, अंथरूण आणि धुण्याची बादली. चारा जिथे संपेल तिथून पुढे निघायचे आणि पाणी असेल तिथे थांबायचे. चाकांवरच्या घराचा त्यांचा पहिला अनुभव हा असा, हौसेचा नव्हे, कामाचा होता.

त्यानंतर ते व्यापारी जहाजावर पोऱ्या म्हणून चढले आणि तीन वर्षांत अधिकारी दर्जापर्यंत पोचले. मग स्टॅनफर्ड विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी लॉस एंजेलिस गाठले. तिथे जाहिरातींचा मजकूर लिहिणे आणि मासिके काढणे हा त्यांचा व्यवसाय झाला.

ट्रेलरची कल्पना आली कुठून?

याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांच्या पहिल्या पत्नी मॅरियन यांना जाते. बायम यांना भटकंतीचे वेड, पण तंबूत राहणे मॅरियन यांना मान्य नव्हते. ओली जमीन, चुलीचा धूर, धड स्वयंपाकघर नाही. म्हणून बायम यांनी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या सांगाड्यावर तंबू उभारून पाहिला. तो उभारायला वेळ लागे आणि पावसात फारसा उपयोग होत नसे. मग त्यांनी थेंबाच्या आकाराची बंद खोली बनवली. तिच्यात छोटा स्टोव्ह आणि बर्फाची पेटी होती. वाटेत लोक थांबून ती न्याहाळू लागले आणि असे आम्हालाही करता येईल का, हे विचारू लागले.

त्यांच्या मासिकात ट्रेलर बांधण्याचा आराखडा छापून आला होता. त्याबरहुकूम काम होत नाही अशा वाचकांच्या तक्रारी आल्यावर बायम यांनी स्वतः तो बांधून पाहिला आणि तक्रार खरी निघाली, असे सांगितले जाते. मग त्यांनी स्वतःचा सुधारित आराखडा तयार केला. शंभर डॉलरच्या आत ट्रेलर कसा बांधावा, यावरचा त्यांचा लेख ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’मध्ये गाजला. आराखडे विकता विकता घरामागच्या अंगणात प्रत्यक्ष ट्रेलर बांधण्याचे काम सुरू झाले. साधारण १९३१ मध्ये, ऐन महामंदीत, याचा कारखाना झाला.

त्या काळच्या बहुतेक ट्रेलरमध्ये वाकून वावरावे लागे. बायम यांनी आतली जमीन चाकांच्या मध्ये खाली नेली आणि छत वर घेतले, त्यामुळे माणूस सरळ उभा राहू लागला. बदल लहान होता, पण पावसाळी दिवसभर आत बसावे लागले तर याच एका गोष्टीने सहल टिकते किंवा मोडते.

विमानाचे अंग कसे आले?

चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमची मूळ कल्पना मात्र बायम यांची नाही आणि हे सांगितलेच पाहिजे. चार्ल्स लिंडबर्ग यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ विमानाच्या बांधणीवर देखरेख केलेले हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये ‘रोड चीफ’ नावाचा रिव्हेट मारलेला अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आणला. बायम त्यांचे ट्रेलर विकत असत. बोलस यांचे दार पुढच्या बाजूला, मोटारीला जोडणाऱ्या दांड्याच्या वर होते. वस्तू देखणी असली तरी गैरसोयीची आणि महाग होती. बोलस यांचा धंदा बुडाला.

बायम यांनी त्याच धर्तीवर, पण दार बाजूला घेऊन, जानेवारी १९३६ मध्ये ‘क्लिपर’ आणला. नाव पॅन अ‍ॅम कंपनीच्या समुद्रपार उडणाऱ्या विमानांवरून घेतले. किंमत १,२०० डॉलर. चार जणांची झोपायची सोय, स्वतःचा पाणीसाठा, विजेचे दिवे. त्या काळात ही रक्कम मोठी होती, तरीही मागणी पुरवता येत नव्हती. तेव्हा अमेरिकेत ट्रेलर बनवणाऱ्या शेकडो छोट्या कंपन्या होत्या. मंदी आणि युद्ध पार करून त्यातल्या फारच थोड्या उरल्या. युद्धात अ‍ॅल्युमिनियम विमानांसाठी राखीव झाले, कारखाना बंद पडला आणि बायम स्वतः विमान कारखान्यांत कामाला लागले.

युद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले. १९४७ मधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. फ्रेंच सायकलपटू आल्फ्रेड लेतूर्नर सायकलने एक अख्खा एअरस्ट्रीम ओढत आहे. ट्रेलर किती हलका आहे हे सांगायला याहून सोपी जाहिरात सापडली नसती. जाहिरातींच्या धंद्यातला माणूस कुठे मुरला होता, ते इथे दिसते.

घर ओढताना रस्ता निवडणे वेगळे का?

नुसती मोटार आणि मागे दोन-तीन टनांचे घर असलेली मोटार या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. नकाशावर सर्वात सुंदर दिसणारा रस्ता बहुधा सर्वात वळणांचा, चढांचा आणि अरुंद असतो. लांब ट्रेलर वळणावर आतल्या बाजूला कापत जातो, म्हणजे मोटार निघाली तरी ट्रेलरचे चाक कठड्याला लागू शकते. चुकीच्या रस्त्याला लागल्यावर मागे वळायला जागा लागते आणि घाटात ती नसते.

उंचीचाही हिशेब आहे. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर ३०० मीटर उंचीला साधारण ३ टक्क्यांनी घटते. रॉकी पर्वतात ३,००० मीटरवर पोचेपर्यंत जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते आणि नेमका चढ तिथेच तीव्र असतो. उतरताना उलट संकट. ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात आणि पकड सोडतात, म्हणून खालच्या गिअरवर इंजिनाच्या रोखानेच उतरावे लागते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे ही चैन नव्हे. सामानाची मांडणीसुद्धा रस्त्याशी जोडलेली असते. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडणीच्या दांड्यावर यावा लागतो. जड सामान मागे गेले आणि हा भार कमी झाला की उतारावर, वाऱ्यात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि एकदा लय पकडली की मोटारीलाही खेचतो.

त्यामुळे आजही अमेरिकेत आखणीची सुरुवात दृश्यांच्या यादीने होत नाही, मनाईच्या यादीने होते. माँटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाचा ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता जगातल्या देखण्या रस्त्यांपैकी एक. पण त्याच्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे आणि त्यात मोटार व ट्रेलरची एकत्र लांबी धरली जाते. कोलोरॅडोतल्या इंडिपेंडन्स पास खिंडीत ही मर्यादा ३५ फूट आहे. अशा ठिकाणी ट्रेलर खाली तळावर सोडून एकट्या मोटारीने वर जावे लागते. याउलट व्हर्जिनिया ते नॉर्थ कॅरोलिना हा ७५५ किलोमीटरचा ब्लू रिज पार्कवे ट्रेलरवाल्यांना खुला आहे. तिथे २६ बोगदे आहेत, त्यामुळे छताची उंची पाठ असलेली बरी.

बायम यांच्या काळात असे फलक आणि तक्ते फारसे नव्हते. त्यांना जे कळले ते मोडतोडीतून.

पहिलाच मोठा ताफा का विस्कटला?

१९५१ मध्ये बायम यांनी जाहीर केले की, मेक्सिकोतून मध्य अमेरिकेकडे ट्रेलरचा ताफा जाणार आहे आणि ज्यांना यायचे त्यांनी यावे. टेक्सासमधील एल पासो येथे तब्बल ६३ ट्रेलर जमले. मेक्सिकोचा पॅन-अमेरिकन महामार्ग नुकताच, १९५० मध्ये, ग्वाटेमालाच्या सीमेपर्यंत पूर्ण झाला होता. नकाशावर उत्तर अमेरिकेपासून खाली जाणारी ती एकच रेघ होती. प्रत्यक्षात सीमेपलीकडे अनेक टप्पे कच्चे होते, काही तर बांधायचेच होते.

इथे बायम यांचा अंदाज चुकला. रस्ता आहे की नाही एवढेच त्यांनी पाहिले होते. तो रस्ता ६३ घरांचे वजन, एकामागोमाग एक, पेलेल का, हा प्रश्न वाटेत समोर आला. चिखलात एक गाडी रुतली की मागच्या सगळ्या अडकत. सांधे तुटले, स्प्रिंगा मोडल्या. अनोळखी माणसे महिनोन् महिने एकत्र असल्याने भांडणेही झाली आणि लोक मागे फिरले. शेवटपर्यंत टिकले ते फक्त १४ ट्रेलर. बायम यांनी असा उद्योग पुन्हा करायचा नाही असे ठरवून टाकले. निश्चय फार टिकला नाही आणि लवकरच ते पुढच्या ताफ्याच्या तयारीला लागले.

पण पद्धत बदलली. पुढे जाऊन रस्ता, पूल आणि मुक्कामाची जागा पाहून येणारी माणसे नेमली गेली. दुरुस्ती, वाहने लावणे, टपाल, स्वच्छता अशी कामे प्रवाशांमध्येच वाटली गेली. सगळ्यांनी एका रांगेत चिकटून जाण्याऐवजी लहान गटांनी निघायचे आणि संध्याकाळी ठरल्या जागी भेटायचे. रोज सकाळी पुढच्या टप्प्याची माहिती सर्वांना मिळायची. ही शिस्त जहाजावरच्या दिवसांची देणगी असावी.

दुसरा परिणाम कारखान्यावर झाला. जो भाग वाटेत मोडला तो पुढच्या मॉडेलमध्ये मजबूत झाला. अशा रीतीने ताफा हे सहलीबरोबर चाचणीचे मैदान ठरले आणि चाचणीचा खर्च ग्राहकच आनंदाने करत होते. धंद्याच्या दृष्टीने इतकी फायदेशीर व्यवस्था क्वचितच कोणाला सुचली असेल.

पाणी आणि विजेच्या दोरीतून सुटका

१९५२ मध्ये ओहायो राज्यातील जॅक्सन सेंटर येथे दुसरा कारखाना सुरू झाला. १९५५ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, केंटव्हिल येथे, ताफ्यातल्या प्रवाशांनी ‘वॉली बायम कॅराव्हॅन क्लब’ स्थापन केला. ताफ्यांच्या व्यवस्थेचा मोठा भार बायम यांच्या चुलत बहीण हेलन बायम श्वामबोर्न यांनी उचलला. नकाशा बायम यांचा आणि पत्रव्यवहार, परवाने, याद्या हेलन यांच्या, अशी साधारण विभागणी होती. त्यांचे नाव मात्र ट्रेलरवर नाही.

१९५७ च्या ‘इंटरनॅशनल’ मॉडेलने मार्ग आखण्याचे गणितच बदलले. तोवर रात्रीचा मुक्काम जिथे नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असेल तिथेच करावा लागे. म्हणजे मार्ग ठरवायचा तळांनी, निसर्गाने नव्हे. नव्या ट्रेलरमध्ये पाण्याची टाकी, गरम पाणी, गॅसवरचे उपकरण, बॅटरीवरचे दिवे आणि मैला साठवायची टाकी अशी सगळी सोय आतच होती. काही दिवस बाहेरच्या कोणत्याही जोडणीशिवाय राहता येऊ लागले. नदीकाठ, माळ, वाळवंट, कुठेही थांबता येऊ लागले. मेंढपाळाच्या गाडीत जे होते तेच हे, फक्त पंचतारांकित.

केपटाऊन ते कैरो

१९५९ मध्ये बायम यांनी आखलेली मोहीम आजही या क्षेत्रात दंतकथेसारखी सांगितली जाते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून उत्तर टोकापर्यंत, ४१ ट्रेलर आणि १०६ माणसे. त्यातले अनेक निवृत्त, उतारवयाचे. बायम यांचा स्वतःचा ट्रेलर सोनेरी होता. सोबत पीट टर्नर नावाचा तरुण छायाचित्रकार होता, जो पुढे रंगीत छायाचित्रणातला मोठा कलावंत झाला.

दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया, बेल्जियन काँगो, युगांडा, केनिया, इथिओपिया, सुदान आणि इजिप्त असा मार्ग. दक्षिणेकडचे रस्ते ठीक होते. खरी परीक्षा काँगोच्या चिखलात आणि त्यानंतर केनियाच्या उत्तरेकडील रखरखीत प्रदेशातून इथिओपियाच्या पठाराकडे चढताना झाली. इथे आखणी करताना अंतरापेक्षा पाऊस महत्त्वाचा. विषुववृत्ताजवळ वर्षात दोनदा पाऊस, तर इथिओपियाच्या पठारावर जून ते सप्टेंबर मुख्य पाऊस. इतका लांब मार्ग सगळीकडे कोरडा मिळणे अशक्य, म्हणून कुठला चिखल पत्करायचा एवढेच ठरवता येते. गाड्या रुतल्या, ढकलल्या गेल्या, ट्रकने ओढल्या गेल्या, आणि ढकलणाऱ्यांत वाटेवरच्या गावांतली माणसे होती. अदिस अबाबा येथे सम्राट हेले सेलासी यांनी ताफ्याची भेट घेतली.

सुदान आणि इजिप्त यांच्यामध्ये, वादी हाल्फा ते अस्वान, तेव्हा मोटारीचा रस्ताच नव्हता. त्या भागात रेल्वे आणि नाईल नदीचाच आधार घ्यावा लागे. रस्त्याची मोहीम म्हणून निघालेल्यांना हे कमीपणाचे वाटले नाही. १९६० च्या सुरुवातीला चंदेरी ट्रेलर गिझाच्या पिरॅमिडसमोर उभे राहिले आणि ते छायाचित्र जगभर पोचले.

या यशाची दुसरी बाजूही पाहायला हवी. ताफा निघाला तेव्हा दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट होती आणि वाटेतले अनेक देश वसाहती होते. काँगो तर ताफा गेल्यावर काही महिन्यांतच, ३० जून १९६० रोजी, स्वतंत्र झाला आणि लगेच यादवीत सापडला. बायम आपल्या प्रवाशांकडे अमेरिकेचे सदिच्छादूत म्हणून पाहत आणि वाटेत ट्रेलरची दारे स्थानिकांसाठी उघडी ठेवत. पण शीतपेटी आणि न्हाणीघर सोबत घेऊन फिरणारा पाहुणा यजमानाच्या घरात कितपत शिरतो, हा प्रश्न उरतोच. सगळे सोबत असण्याची सोय आणि तिथल्या माणसांवर अवलंबून न राहणे, या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. चिखलात गाडी रुतल्यावरच हे अंतर मिटत असे.

बायम यांच्यानंतर काय झाले?

आपले अनुभव त्यांनी पुस्तकांतही मांडले. त्यापैकी देशात आणि परदेशात ट्रेलरने फिरण्याविषयीचे पुस्तक १९६० मध्ये आले. दोनच वर्षांनी, २२ जुलै १९६२ रोजी, मेंदूच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ६६.

जगप्रदक्षिणेचे त्यांचे स्वप्न क्लबने १९६३-६४ मध्ये पुरे केले. सिंगापूरहून निघून लिस्बनपर्यंत गेलेला हा ताफा भारतातूनही गेला. रस्त्यावरच्या लोकांनी मोटारीमागे धावणारे असे चकाकते घर तोवर पाहिलेले असण्याची शक्यता कमीच. कंपनी १९६७ मध्ये बीट्रिस फूड्सने घेतली आणि १९८० मध्ये ती पुन्हा विकली गेली. नव्या मालकांनी त्यानंतर थॉर इंडस्ट्रीज उभी केली.

१९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरून परतले. तिथून एखादा जंतू आला असेल तर, या भीतीने त्यांना विलगीकरणात ठेवण्यात आले. विमानवाहू ‘हॉर्नेट’ जहाजावर त्यांच्यासाठी ठेवलेली बंद खोली म्हणजे बदल करून घेतलेला एअरस्ट्रीमच होता. चाके काढलेला. अध्यक्ष रिचर्ड निक्सन त्यांच्याशी त्याच्याच खिडकीतून बोलले.

जॅक्सन सेंटरला ट्रेलर आजही बनतात. क्लबचे सदस्य आपला क्रमांक लाल आकड्यांत ट्रेलरवर लावतात, म्हणजे दूरच्या घाटात समोरून येणारा कोण आहे, ते आधीच कळते.